सहा नंबरचे दात

हाडं धुणं हे चारचौघांत सांगण्यासारखं काम नाही, म्हणून चकाचकबाई ते सांगत नसत. कुणी विचारलंच, "काय करता तुम्ही?" तर म्हणत, "संग्रहालयात असते." समोरच्याला वाटे, दारात बसून तिकिटं फाडत असतील. वाटू दे, त्यांचं काही बिघडत नव्हतं.

त्यांची खोली संग्रहालयाच्या मागच्या अंगाला, जिन्याखाली होती. लांबोडकी, एका खिडकीची, बाराही महिने ओल्या मातीचा वास. खिडकीखाली बेसिन, शेजारी तीन चाळण्या, भिंतीलगत लाकडी ट्रे ठेवायची मांडणी. ट्रेमध्ये जुनी वर्तमानपत्रं अंथरून त्यावर हाडं वाळत घातलेली असत. हत्यारं म्हणावीत तर मऊ टूथब्रश, टोकं काढलेल्या बांबूच्या काड्या, धूळ उडवायचा रबरी फुगा, आणि बिस्किटांच्या डब्यात दातांच्या डॉक्टरांनी मोडीत काढलेल्या पोलादी आकड्या. या आकड्या दगडाला चिकटलेल्या मातीसाठी. हाडाला लावायची सक्त मनाई. मनाई साहेबांची होती, आणि साहेबांचा शब्द म्हणजे त्या खोलीत काळ्या दगडावरची रेघ.

साहेब म्हणजे उत्खननाचे प्रमुख. पेन्सिल जागेवर नसली की घर डोक्यावर घेत, आणि बाईंच्या मुलीला ताप आला तेव्हा स्वतः गाडी काढून दवाखान्यात घेऊन गेले. 'चकाचकबाई' हे नाव त्यांनीच ठेवलं. बाई कामावर आल्या त्या पहिल्याच दिवशी, कुणी सांगितलेलं नसताना, त्यांनी सगळी मांडणी रिकामी करून खळखळून धुतली होती, आणि कोणती हाडं कोणत्या फळीवरची हे लावता लावता साहेबांना तीन दिवस लागले होते. त्या वेळी कुणी शहाण्याने ओळखायला हवं होतं की या बाईला स्वच्छतेची हौस जरा जास्तच आहे. पण ओरडून झाल्यावर साहेब हसले, आणि तिथेच चुकलं.

साहेबांची दुसरी शिस्त चिठ्ठीची. प्रत्येक ट्रेला एक चिठ्ठी: हे हाड कशाने साफ केलं, पाणी लावलं का, हत्यार लावलं का, काही तुटलं का. खाली धुणाऱ्याची सही, तिच्याखाली साहेबांची. तुटलं तर तुटलं असं लिहायचं, शिक्षा नाही. "चूक चालेल, चिठ्ठी खोटी चालणार नाही," असं साहेब दर आठवड्याला एकदा तरी म्हणत.

एकतीस वर्षांपूर्वी डोंगरात रस्ता करताना सुरुंग लावला आणि एक गुहा उघडी पडली. आत सात माणसं पुरलेली होती, आठ हजार वर्षांपूर्वीची. नंबर गुहेच्या आतल्या टोकापासून दिले. सहा नंबर मात्र सगळ्यांत आधी बाहेर काढावी लागली, कारण तिच्यावर छतातलं पाणी ठिबकत होतं. ती बाई होती, चाळिशीच्या आतबाहेरची. तिची कवटी आली ती मातीच्या गोळ्यातच. साहेब म्हणाले, "माती सुकू द्या. मग कोरडा ब्रश, फक्त कोरडा ब्रश. दातांना हात लावायचा नाही, मी आल्यावर बघू." एवढं सांगून ते बाकीच्यांना मातीतून सोडवायला आठ दिवस गुहेवर गेले.

बाईंना त्या वेळी कामाला लागून दोन वर्षं झाली होती, तीही हंगामी म्हणून. कायम करण्याचा कागद साहेबांनी वर पाठवला होता आणि त्याच महिन्यात उत्तर यायचं होतं. आणि त्याच्या पाच आठवडे आधी बाईंची आई गेली होती. आईला शेवटच्या दर्शनाला ठेवलं होतं तेव्हा तोंड उघडं राहिलं होतं. आयुष्यभर तंबाखू खाल्लेली, दात काळेपिवळे. जमलेल्यांतली एक नातलग दुसरीच्या कानाशी लागून म्हणाली, "दात बघ गं कसे." हळू म्हणाली, पण बाईंनी ऐकलं.

चौथ्या दिवशी माती सुकून सुटली आणि सहा नंबरचे दात दिसले. एकूण सव्वीस. हिरडीच्या बाजूला पिवळट तपकिरी थर, दगडासारखा कडक. आठवड्याने बडे पाहुणे तिला बघायला येणार होते. कोरड्या ब्रशाने थर हलेना. बांबूची काडी मोडली. बाईंनी दाराकडे पाहिलं, बिस्किटांचा डबा उघडला आणि एक आकडी उचलली.

दुपारभर त्या बसल्या होत्या. "आ कर गं बाई," असं पुटपुटत एकेक दात खरवडत होत्या. थर कपचे कपचे होऊन निघत होता आणि खाली दात असा निघत होता की बघत राहावं. त्यांना खूप बरं वाटलं. आईच्या जाण्यानंतर पहिल्यांदाच बरं वाटलं. हे पुढे त्यांना सगळ्यात जास्त खुपत राहिलं.

साहेब परत आले, हातपाय न धुता भिंग घेऊन कवटीपाशी बसले. एकेक दात बघत गेले. मग साहेबांनी मान वर केली तर डोळ्यांत पाणी.

"बाई, इकडे या. हे बघा. आडव्या रेघा दिसतात? प्रत्येक दातावर? ही बाई दात घासत होती. कसल्या तरी टोकदार काडीने, रोज. आठ हजार वर्षांपूर्वी."

बाईंनी भिंगातून पाहिलं. शिवणारीला आपला टाका ओळखू येतो, तशा त्यांना रेघा ओळखू आल्या. डावीकडून उजवीकडे, शेवटाला जरा वर झालेल्या. बोलायला तोंड उघडलं होतं त्यांनी, हे खरं आहे. पण साहेब म्हणाले, "तुमचा हात चांगला आहे म्हणून हे वाचलं, बाई. दुसऱ्या कुणी आकडी घातली असती तर गेलं होतं सगळं. तुमच्या कागदासाठी मी उद्याच वर जाऊन बोलतो. चिठ्ठी भरून टाका."

बाईंनी चिठ्ठी भरली. 'कोरड्या ब्रशने साफ केले. हत्यार लावले नाही.' खाली सही. साहेबांनी त्याखाली सही केली, न वाचल्यासारखी, इतके खुशीत होते.

मग काय, गाडं जे सुटलं ते सुटलंच. बाकीचे सहाजण आले. त्यांच्या दातांवर थर तसाच होता, आणि आता बाई त्यांच्याकडे ब्रश घेऊन जायलाही घाबरत. साहेबांनी त्या थराचाही अर्थ लावला: एकटीच दात घासायची म्हणजे ही कुणीतरी मोठी बाई असणार. लेख आला, पुस्तक आलं, परदेशातून माणसं आली. टूथपेस्टच्या एका कंपनीने सहा नंबरसाठी काचेचं कपाट दिलं. शाळेच्या सहली येऊ लागल्या आणि मास्तर मुलांना दरडावू लागले, "बघा, ही गुहेत राहून दात घासायची, आणि तुम्हाला नळाला पाणी असून कंटाळा."

बाईंची नोकरी कायम झाली. दात कोरून पोट भरत नाही म्हणतात. बाईंचं भरलं. मुलगी शिकली, तिचं लग्न झालं, घराला दुसरी खोली झाली. पण ज्या दालनात सहा नंबर होती त्या दालनात बाई पाऊल टाकत नसत; जिना चढून जायचं झालं तर बाहेरून वळसा घालत. मुलगी सात वर्षांची असताना शाळेबरोबर ते कपाट बघून आली, आणि घरी येऊन आरशासमोर ब्रश घेऊन म्हणाली, "आई, बघ, मी सहा नंबर." बाईंनी तिच्या पाठीत एक धपाटा घातला. कशासाठी ते पोरीला कळलं नाही. ती रडायला लागल्यावर बाई मोरीत जाऊन बसल्या.

साहेब निवृत्त झाले, म्हातारे झाले. बाईंच्या निवृत्तीला महिना राहिला. आता निभावलं, असं त्यांनी मनाशी म्हटलं, आणि नेमकी तेव्हा भिंगवाली आली.

भिंगवाली म्हणजे बाहेरच्या विद्यापीठातून आलेली संशोधक. बाईंच्या मुलीच्या वयाची, हसरी, सगळ्यांना मदत करणारी. तिने आणलेल्या सूक्ष्मदर्शकाला एक अख्खं टेबल लागलं, आणि ते टेबल बाईंच्याच खोलीत आलं. तिला दात बघायचे नव्हतेच, तिला हवा होता दातांवरचा थर.

"यात सगळं अडकून बसतं, मावशी," ती म्हणाली. "काय खाल्लं, कसला धूर पोटात गेला, काय आजार होते. बघा ना, दोन नंबरच्या थरात मासे सापडले. चार नंबर कसली तरी कंदमुळं भाजून खायचा."

"आणि सहा नंबर?" बाईंनी विचारलं. विचारायचं नव्हतं, पण जीभ राहिली नाही.

"तिचं काय कळणार. तिने सगळं घासून टाकलंय." भिंगवाली हसली. "इतकी स्वच्छता बरी नाही."

बाई चाळणी धूत राहिल्या. एकतीस वर्षं त्यांना वाटत होतं, आपण एक खोटं लिहिलं. आपण त्या बाईचं काही घालवलं, हे त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

तीन दिवसांनी भिंगवालीचं हसू गेलं. सहा नंबरचा जबडा तिने सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला होता. दुपारी ती चहाचा पेला हातात धरून तशीच बसून राहिली.

"मावशी, कुणाला बोलू नका. या रेघा जुन्या नाहीत. जुन्या रेघेत माती बसते, कडा झिजते. यांच्यात मातीचा कण नाही, आणि कडा अशा की काल पडल्यात. पोलादाच्या आहेत."

बाईंनी धुतलेली चाळणी पुन्हा नळाखाली धरली.

"धुताना पडल्या असतील असं आधी वाटलं. पण चिठ्ठी काढून बघितली. तुमचीच आहे, हत्यार लावलं नाही असं स्वच्छ लिहिलंय. म्हणजे नंतर पडल्या. मुद्दाम पाडल्या. आणि तेव्हा कवटी एकट्या साहेबांच्या कपाटात असायची." तिने पेला खाली ठेवला. "मी त्यांचं पुस्तक वाचून या विषयात आले. एवढ्या मोठ्या माणसाने असं का करावं? मी त्यांना पत्र पाठवलंय. त्यांचं उत्तर आलं की अहवालात लिहावंच लागेल."

त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी, भाजी निवडता निवडता बाईंनी नवऱ्याला सगळं सांगितलं. नवरा घड्याळं दुरुस्त करायचा. कधी घाईने बोलत नसे. त्याने सगळं ऐकून घेतलं.

"झाकली मूठ सव्वा लाखाची," तो म्हणाला. "साहेब ब्याऐंशी वर्षांचे. तू महिन्याने मोकळी. कोण कुठली ती मुलगी लिहील आणि कोण वाचेल?"

"त्यांना चोर म्हणतील हो."

"आणि तू सांगितलंस तर? तर मूर्ख म्हणतील. जन्मभराचा विद्वान माणूस, आणि धुणाऱ्या बाईच्या ओरखड्यांवर पुस्तक लिहून बसला. लोक हसतील. त्यांना यातलं कुठलं जास्त लागेल, सांग बघू."

नवऱ्याने भाजीची टोपली बाजूला सरकवली.

"एकतीस वर्षं शेजारी झोपलीस," तो म्हणाला. "एक अक्षर बोलली नाहीस." तो रागावला असता तर बाईंना बरं वाटलं असतं. तो उठला, आणि त्याने नेहमीसारखी भिंतीवरच्या घड्याळाला किल्ली दिली.

त्याच दिवशी बाई साहेबांकडे गेल्या. सुनेने दार उघडलं आणि आतल्या खोलीत नेलं. पुस्तकं खुर्च्यांवर, पलंगावर, खिडकीत. साहेब टेबलाशी बसले होते, डोळ्यांना जवळजवळ दिसत नव्हतं, समोर मोठं भिंग आणि भिंगवालीचं पत्र. पण आवाजावरून त्यांनी ओळखलं, आणि चेहरा उजळला.

"बाई, तुम्ही आलात. मी उद्या माणूस पाठवणार होतो. बसा. या पत्राचं कळलं का तुम्हाला? मी पोलादाने रेघा मारल्या म्हणे. सभ्य भाषेत लिहिलंय, पण म्हणणं तेच." त्यांनी चाचपून एक कोरा कागद काढला आणि पेन त्यावर ठेवलं. "तुम्ही होतात. तुम्ही आधी पाहिलेत ते दात. तुमची चिठ्ठी आहे. आता एवढंच लिहून द्या, की दात तुम्ही साफ केले तेव्हाच रेघा होत्या. त्या खोलीत कधी कुणी खोटी चिठ्ठी लिहिली नाही, हे तुमच्याइतकं कुणाला माहीत आहे?"

बाईंनी पेन उचललं आणि परत ठेवलं.

"साहेब, रेघा माझ्या आहेत."

साहेबांना ऐकू आलं होतं, पण ते म्हणाले, "काय?"

मग बाईंनी सांगितलं. डबा, आकडी, ती दुपार. थर कसा होता, कसा निघाला. साहेबांनी मध्ये एकदाच विचारलं, "थर होता? किती?"

"करंगळीच्या नखाएवढा जाड, काही दातांवर."

"काय केलंत त्याचं?"

"बेसिनमध्ये टाकला. नळ सोडला."

साहेबांनी डोळे मिटले. त्यांचे ओठ हलत होते, सव्वीस दातांचा हिशेब करत असावेत. मग त्यांनी विचारलं, "का?"

बाईंनी आईचं सांगितलं. तिचं उघडं तोंड, ती नातलग, कानाशी लागून बोललेलं वाक्य. "ही पण बाईमाणूस होती, साहेब. लोक बघायला येणार होते. कुणी हिच्याही दातांना नावं ठेवू नयेत असं वाटलं." हे सांगताना त्यांना रडू आलं, आणि ते खरं रडू होतं.

सून चहा ठेवून गेली. कुणी हात लावला नाही. साहेबांचा चेहरा हळूहळू सैल झाला, आणि एखाद्या विद्यार्थ्याची समजूत काढावी तसे ते बोलू लागले.

"चूक माझीही आहे, बाई. सहाजणांच्या दातांवर थर आणि एकटीचे दात लख्ख, हे बघून पहिला प्रश्न तुम्हाला विचारायला हवा होता. जिने हाताने धुतलं तिला. मी भिंगाला विचारलं, पुस्तकांना विचारलं, परदेशात पत्रं पाठवली. जिना उतरून तुमच्या खोलीत येऊन एकदाही विचारलं नाही. का, तर मला जे दिसत होतं ते फार आवडलं होतं." त्यांनी सुस्कारा टाकला. "आपण दोघं मिळून तसंच लिहू. तुम्ही आईच्या दुःखात होतात, हातून झालं, आणि मी विचारलं नाही. विचारलं असतं तर तुम्ही सांगितलंच असतं."

केवढी मोठी वाट करून दिली होती त्यांनी. तिच्यावरून कुणीही चालून गेलं असतं, आणि पलीकडे जाऊन मोकळं झालं असतं. ब्याऐंशी वर्षांच्या त्या माणसाला तेवढा आधार हवाही होता, की आपली बाई खोटी नव्हती. बाईंनी पदराने तोंड पुसलं. मान हलवली की संपत होतं. पण साहेबांना मान हलवलेली दिसली नसती. तोंडानेच सांगायला हवं होतं.

"नसतं सांगितलं, साहेब."

साहेबांनी तोंड त्यांच्याकडे वळवलं.

"तुम्ही विचारलं असतं तरी नसतं सांगितलं. दात साफ केले ते आईसाठी केले असतील. चिठ्ठी आईसाठी नाही लिहिली. त्या महिन्यात माझी नोकरी कायम व्हायची होती. तुमच्या तोंडाकडे बघत लिहिली मी, सगळं समजून."

बाहेर सून कुणाशी तरी फोनवर बोलत होती. साहेबांनी भिंग उचललं, कशावर तरी धरलं, खाली ठेवलं. ते आता पूर्वी कधी दिसले नव्हते इतके म्हातारे दिसत होते, आणि त्यांना असं करणाऱ्या आपण, हे बाईंना कळत होतं. मग साहेबांनी कोरा कागद चाचपला आणि बाईंच्या बाजूला सरकवला.

"हे लिहा," ते म्हणाले. "आईचं राहू द्या. हे लिहा, आणि खाली सही करा."

बाईंनी लिहायला घेतलं. लिहून झाल्यावर, जुन्या सवयीने, त्यांनी आपल्या सहीखाली साहेबांच्या सहीपुरती जागा सोडली. साहेबांनी सही केली नाही.